फरसूट पहिल्यांदाच करतेय: खरंच काय काय लागतं आणि सुरुवात कुठून करू?

रानवाट

नमस्कार मंडळी,

गेली तीन वर्षं मी एका तरसाची चित्रं काढतेय. पट्टेरी तरस, मानेपासून पाठभर ताठ आयाळ, गळ्याखाली काळा डाग, उभे टोकदार कान. वह्याच्या वह्या भरल्यात. आता त्याला कागदावरून उठवून अंगावर घ्यायचंय, म्हणजे फरसूट (प्राण्याच्या रूपाचा, अंगावर घालायचा नकली फरचा पोशाख) करायचाय. विकत घ्यायचा नाही, स्वतःच्या हातांनी करायचा.

शिवण येते ती इतपत: उसवलेलं शिवते, हेम घालते, मशीनवर उशांचे अभ्रे शिवलेत. फोमला मात्र कधी हात लावलेला नाही. व्हिडिओ बघून सामानाची यादी करायला बसले, तर बघता बघता चाळीस वस्तू झाल्या. ग्लू गन, तीन प्रकारचे गोंद, इलेक्ट्रिक सुरी, ट्रिमर, एअरब्रश, रेझिन, छोटे पंखे, डक्ट टेप, सिलिकॉन... प्रत्येक व्हिडिओत कुणीतरी सांगतं की याच्याशिवाय होणारच नाही.

ज्यांनी स्वतः केलंय त्यांनी सांगा, पहिल्या सूटला यातलं काय खरोखर लागतं आणि काय नंतर घेतलं तरी चालतं? आणि सुरुवात डोक्यापासून करू का? माझा सगळा जीव त्या डोक्यातच अडकलाय.

निळी_शेपटी

शेपटीपासून. डोळे झाकून शेपटीपासून. दोन तुकडे, एक शिवण, आत फायबर. फर कापायची कशी, शिवायची कशी, लव कुठल्या दिशेला ठेवायची, सगळं एका शेपटीत कळतं. बिघडली तर अर्धा मीटर कापड जाईल. डोकं बिघडलं तर महिनाभराची मेहनत जाते.

सुईदोरा

निळी_शेपटीला अनुमोदन. यादीबद्दल मी सविस्तर लिहिते, कारण पहिल्या वेळी माझा खर्च नको तिथे झाला होता.

रानवाट, तुमच्या त्या चाळीस वस्तूंत सगळ्यात महत्त्वाची आहे फर, आणि दुसरी आहे ती कापायचं पातं. बाकी सगळं यांच्या मागून. औजारं साधी घ्या, पण फरमध्ये काटकसर करू नका. हलकी फर कशी ओळखायची सांगते. लव बोटांनी बाजूला करा आणि मुळाशी बघा. खालचं विणलेलं कापड लगेच उघडं पडलं, तर ती फर विरळ आहे, तोंडावर ट्रिम केली की टक्कल दिसेल. चांगल्या फरमध्ये कापड शोधावं लागतं. मूठभर लव धरून हलकेच ओढून बघा, चार-दोन धागे येणारच, पण झुबका हातात आला तर ती घेऊ नका.

आता कापणं. फर कात्रीने आरपार कापायची नाही. कापड उलटं टाकायचं, पाठीमागच्या विणीवर पेनाने नमुना आखायचा, आणि सर्जिकल ब्लेड किंवा साध्या कटरने फक्त ती वीण कापायची. पात्याचं टोक जेमतेम आत जाईल एवढंच. मग दोन्ही बाजू धरून अलगद दूर करायच्या. लव एकमेकींतून सुटत जाते, केसांत भांग पडावा तशी, आणि दोन्ही तुकड्यांच्या कडेला पूर्ण लांबीचे केस राहतात. पुढे शिवल्यावर हेच केस शिवणीवर पडतात आणि शिवण झाकतात. कात्रीने कापलं की कडेची लव बोथट होते आणि शिवणीवर रस्ता आखल्यासारखी रेघ दिसते. ती नंतर कशानेही जात नाही.

पाती भरपूर आणा. विणीत पातं फार लवकर बोथट होतं. ते अडखळायला लागलं की तुम्ही जोर लावता, आणि जोर लावला की खालची लव कापली जाते. मी एका डोक्याला सात-आठ पाती सहज वापरते.

आणि सगळी फर एकदम घ्या. डोकं, पंजे आणि शेपूट एवढ्यासाठी दीड मीटर पन्ह्याची मुख्य रंगाची साधारण २ मीटर पुरते. नंतर "अजून अर्धा मीटर द्या" म्हणून गेलात तर रंगाचा घाणा बदललेला असतो. दिव्याखाली कळत नाही, उन्हात लगेच कळतं.

गवतफूल

वाचनखूण साठवली! एक भाबडा प्रश्न. हे 'फॉक्स फर' म्हणतात ते कोल्ह्याच्या कातड्याचं नसतं ना? मी प्राण्यांच्या बाबतीत फार हळवी आहे.

सुईदोरा

अगं नाही, निश्चिंत राहा. ते 'फो', म्हणजे नकली. अॅक्रिलिकचे किंवा त्याच जातीचे कृत्रिम धागे असतात. एकाही कोल्ह्याला धक्का लागलेला नाही.

काळा_बिबट्या

डोक्याबद्दल मी लिहितो, माझी पाच डोकी झाली आहेत.

सोफ्यात घालतात तो घट्ट फोम घ्यायचा, १ इंच जाडीचा, आणि बारीक कामाला अर्धा इंची. दाबून सोडल्यावर चटकन मूळ जागी आला पाहिजे. पॅकिंगमधला भुसभुशीत फोम वर्षभरात बसतो आणि तोंडाचा चेहराच उतरतो.

पद्धत अशी: फोमची पट्टी स्वतःच्या डोक्याभोवती गुंडाळून नळकांडं करायचं, वरचा भाग पाकळ्यांसारखा कापून टोपीसारखा मिटवायचा, हॉट ग्लूने चिकटवायचं. झाली बादली. ती घालून आरशासमोर उभं राहायचं, डोळ्यांची जागा आखायची, भोकं पाडायची. मग त्यावर मुस्कटाचा ठोकळा, गाल, भुवयांचा उंचवटा, हनुवटी असे तुकडे चिकटवत जायचं आणि कात्रीने बारीक बारीक खुडत आकार द्यायचा. एकदम मोठा काप घेऊ नका. नखाएवढे तुकडे काढत राहा. दोन तासांनी पायाशी फोमच्या कण्यांचा ढीग होतो आणि हातात कुणीतरी तुमच्याकडे बघायला लागलेलं असतं. तो क्षण मी पाच वेळा अनुभवला आणि पाचही वेळा हात थांबला.

तरसासाठी दोन सूचना. मुस्कट जाडजूड आणि बोथट ठेवा. निमुळतं झालं की कोल्हा दिसेल. आणि सांगाडा मनातल्या मापापेक्षा थोडा बारीक ठेवा, कारण वर फर चढल्यावर चहूबाजूंनी फुगतो.

दोन्ही बाजू सारख्या झाल्या का हे कळायची युक्ती: समोरून फोटो काढा आणि फोनमध्येच तो आडवा उलटा करा. नजरेला सवय झालेला तिरकेपणा त्या उलट्या फोटोत ताबडतोब डोळ्यांत भरतो.

हत्यारं एवढीच: छोटी धारदार कात्री, लांब पात्याचा कटर, ग्लू गन, मार्कर. इलेक्ट्रिक सुरी जाड ठोकळे कापायला छान, पण पहिल्या डोक्याला नसली तरी अडत नाही. तापलेल्या तारेने मात्र हा फोम कापू नका. थर्माकोलची ती तऱ्हा इथे लावली तर विषारी धूर निघतो.

यंत्रवेडा

बिबट्याभाऊ, तुमच्या डोक्यांचा मी चाहता आहे, पण नवख्या माणसाला फोम कोरायला लावणं मला पटत नाही. पहिल्या डोक्याला बहुतेक लोक याच टप्प्यावर हरतात. एक गाल मोठा, एक डोळा वर, मग निराशा, मग ते अर्धवट डोकं माळ्यावर.

थ्रीडी प्रिंट केलेला सांगाडा घ्या किंवा कुणाकडून छापून घ्या. दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या, भिंती जाळीदार असल्या की हवा खेळती, आतून पुसून स्वच्छ करता येतो, घाम शोषत नाही. आत ठिकठिकाणी फोमच्या उशा लावल्या की पक्का बसतो. आधी स्वतःच्या डोक्याचा घेर नीट मोजून मॉडेल त्या मापाचं करावं लागतं, एवढंच पथ्य.

काळा_बिबट्या

यंत्रवेडा, तुमचा मुद्दा सममितीपुरता शंभर टक्के मान्य. पण पीएलएचा, म्हणजे थ्रीडी प्रिंटिंगच्या नेहमीच्या प्लास्टिकचा सांगाडा साधारण ६० अंशांना मऊ पडायला लागतो. उन्हात बंद गाडीत ठेवलेलं एक डोकं मी पाहिलंय, जबडा एका बाजूला लोंबत होता. आणि पडलं तर तडकतं. फोमचं डोकं माझ्या हातून जिन्यावरून गडगडत गेलं, झटकलं आणि घातलं.

शिवाय रानवाटने स्वतः तीन वर्षं हा तरस काढलाय. तो चेहरा तिच्या हातात आहे. दुसऱ्याच्या मॉडेलवर तो उतरेल का?

यंत्रवेडा

उन्हातल्या गाडीत हॉट ग्लूसुद्धा सुटतो हो, त्यात तुमचा फोमही वाचत नाही. पण शेवटचा मुद्दा पटला. चित्र काढणाऱ्या माणसाने कोरावं. माझ्यासारख्या आकडेमोडीत रमणाऱ्याने छापावं.

रानवाट

बापरे, केवढं शिकायला मिळतंय! सगळ्यांचे आभार. फोमच करते, आता मनात पक्कं झालं. आणि आधी शेपूट, निळी_शेपटी, तुमचं ऐकते.

दोन गोष्टी अजून अडल्यात. सांगाडा झाल्यावर त्यावर बसेल असा फरचा नमुना कसा काढायचा? गोल वस्तूचा सपाट कागद कसा करायचा तेच डोक्यात शिरत नाही. आणि माझ्या तरसाचे पट्टे! प्रत्येक पट्टा वेगळ्या फरचा शिवायचा की एका रंगाची फर घेऊन वर रंगवायचे?

सुईदोरा

नमुना काढणं हा माझा सगळ्यात आवडता भाग, त्यामुळे जरा लांबण लागेल.

सांगाड्यावर क्लिंग फिल्म घट्ट गुंडाळा. त्यावर मास्किंग टेपचे छोटे छोटे तुकडे लावत सगळं डोकं झाका, दोन थर. आता त्यावर मार्करने काढा: आधी नाकापासून मानेपर्यंत मधली रेघ, मग रंग जिथे बदलतो त्या रेघा, मग शिवणी. मग प्रत्येक तुकड्यावर बाण, लव कुठल्या दिशेला पडणार त्याचा. नाकापासून मागे, कपाळावरून वर, गालांवरून मागे-खाली. खऱ्या प्राण्याचे फोटो समोर ठेवून बाण काढा. शेवटी प्रत्येक तुकड्याला नाव द्या, "डावा गाल", "भुवई वरची". कापल्यावर सगळे तुकडे सारखेच दिसतात.

मग टेपच्या कवचावर रेघांवरून कापायचं. तुकडा टेबलावर सपाट होत नसेल, कुठे फुगत असेल, तर तिथे कडेपासून आत एक काप द्या. तो आपोआप उघडतो आणि तुकडा झोपतो. हाच तुमचा टक्स. ब्लाउजला घालतो तोच. गोलाचा सपाट असाच होतो, जिथे तो हट्ट करतो तिथे त्याला वाट करून द्यायची.

फक्त अर्ध्या डोक्याचा नमुना काढा. दुसऱ्या बाजूला तोच पालथा घालून आखा. आणि पालथा घातला हे लक्षात ठेवून आखा, नाहीतर दोन डावे गाल होतात. फरवर आखताना चहूबाजूंनी पाव इंच माया सोडा.

पट्ट्यांचं: तोंडावर आणि पायांवर बारीक पट्टे असतात ते रंगवा, धडावरचे जाड पट्टे वेगळ्या फरचे शिवा. बारीक पट्टा शिवायला गेलात तर दोन्हीकडची माया मिळून आत पट्ट्याएवढीच जाड गाठ होते आणि फर तिथे उभी राहते. रंगवायला अल्कोहोल मार्कर पुरतो. नुसती टोकं रंगवू नका, लव विंचरत मुळापर्यंत न्या. आणि आधी चिंधीवर करून, धुऊन बघा. आयाळीला वेगळी, सगळ्यात लांब लवेची फर लागेल, ती थोडीच लागते.

निळी_शेपटी

दोन डावे गाल: +१. माझ्याकडे दोन डावे पंजे आहेत. अजून जपून ठेवलेत, आता नव्या मुलांना दाखवायला उपयोगी पडतात.

जागल्या

मी सूट करत नाही, माझी बहीण करते. ती सूट घालते तेव्हा तिची काळजी घ्यायला मी तिचा सोबती म्हणून जातो आणि पेशाने रुग्णालयात काम करतो. यादीत अजून कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो.

कॉन्टॅक्ट सिमेंट किंवा स्प्रे गोंद वापरणार असाल तर खिडक्या उघड्या, दार उघडं, शक्यतो घराबाहेरच. साधा कापडी किंवा धुळीचा मास्क वाफ अडवत नाही. वाफेसाठी ऑर्गॅनिक व्हेपर कार्ट्रिजचा रेस्पिरेटर लागतो. उलट फर ट्रिम करताना जे तूस उडतं त्याला धुळीचा चांगला मास्क पुरतो, सोबत चष्मा. दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एकाने दुसरीचं काम होत नाही.

ग्लू गन कमी तापमानाची घ्या. जास्त तापमानाची १९० अंशांच्या आसपास जाते आणि तो गोंद कातडीला चिकटून राहतो, झटकून पडत नाही. शेजारी गार पाण्याचं भांडं ठेवा. भाजलं तर आधी हात पाण्यात, गोंद ओढून काढायचा नाही.

पुढे पूर्ण अंगाचा सूट करायचा झाला तर अंगाभोवती क्लिंग फिल्म आणि डक्ट टेप गुंडाळून पुतळा करतात. हे एकट्याने कधीही करू नका. टेप छातीवर आवळली जाते, आत अंग तापतं, उभ्या उभ्या चक्कर येऊ शकते. गुंडाळणारा माणूस सतत बोलत राहिला पाहिजे, आणि बोथट टोकाची कात्री त्याच्या हाताशी पाहिजे, दुसऱ्या खोलीत नाही. मानेवर टेपचा पूर्ण वेढा द्यायचा नाही.

आणि घातल्यावर: २० ते ३० मिनिटं, मग डोकं काढून विश्रांती. पाणी स्ट्रॉने आधीपासून पीत राहायचं, तहान लागायची वाट बघायची नाही. मळमळ, डोकेदुखी, गरगरणं, किंवा एवढ्या उकाड्यात घाम यायचा थांबणं, यातलं काहीही झालं की तिथल्या तिथे डोकं काढायचं, मग समोर कितीही लहान मुलं उभी असोत. बहिणीशी माझी खूण ठरलेली आहे: तिने दोन्ही पंजे कानांवर ठेवले की मी तिला बाहेर काढतो. प्रश्न विचारत नाही.

गवतफूल

पंजे कानांवर... वाचताना घशाशी आलं. असा भाऊ सगळ्यांना मिळो.

भटका_ससाणा

जागल्या यांचा प्रतिसाद वर चिकटवून ठेवावा ही संपादकांना विनंती.

थोडं अवांतर. फरी लोकांचं, म्हणजे माणसासारख्या प्राणी-पात्रांच्या चाहत्यांचं पहिलं संमेलन मानतात ते कॉनफ्युरन्स, १९८९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या कोस्टा मेसा इथे भरलं. अँथ्रोकॉन हे त्यांचं दुसरं संमेलन तर २००६ पासून पिट्सबर्गमध्येच भरतं. अशा संमेलनांत 'हेडलेस लाउंज' नावाची खोली असते. दार बंद, आत मोठमोठे पंखे, पाणी, आणि सगळे डोकी उतरवून बसलेले. तिथे फोटो काढायचे नाहीत. इतक्या वर्षांच्या अनुभवातून त्या लोकांनी हे ओळखलंय की सूटइतकीच तो उतरवायची जागा महत्त्वाची आहे. घरी करताना तुमचीही अशी एक जागा ठरवून ठेवा.

डोळस

डोळ्यांवर कुणीच बोललं नाही! चेहरा म्हणजे डोळेच की हो.

बुबुळासाठी जाळी लागते, तिच्यातून आपण बघतो. बकरम म्हटलं की लोक कॉलरमध्ये घालायचं दाट बकरम आणतात, त्यातून काही दिसत नाही. उघड्या विणीचं, जाळीदार हवं. किंवा क्रॉस स्टिचचा प्लास्टिक कॅनव्हास, तो घामाने भिजून मऊ पडत नाही. बाहेरून अॅक्रिलिकने रंगवायचं, रंग पातळ, आणि प्रत्येक थरानंतर जाळीवर फुंकर घालायची म्हणजे भोकं बुजत नाहीत. आतली बाजू काळी. गडद जाळीतून बाहेरचं स्वच्छ दिसतं, फिक्या जाळीवर उजेड चमकतो आणि धुकं पसरल्यासारखं होतं. म्हणून डोळ्याचा पांढरा भाग जाळीचा न करता पातळ प्लास्टिकचा करायचा.

आता गंमत. ही जाळी पांढऱ्या भागाच्या पातळीवर न लावता अर्धा-पाऊण इंच आत लावायची, आणि मधली काठाची भिंत पांढरीच ठेवायची. समोरचा माणूस डावीकडे सरकला की त्याला बुबुळ त्याच्याकडे वळल्यासारखं दिसतं. खरं तर डोळा हललेलाच नसतो. मी पहिल्यांदा हे जमवलं तेव्हा डोकं टेबलावर ठेवून खोलीभर येरझाऱ्या घालत होतो आणि ते माझ्यामागे बघत होतं. रात्री त्याच्यावर चादर टाकून झोपलो.

दिसतं मात्र कमीच. समोरचं दिसतं, पायाखालचं नाही. पायऱ्या उतरताना सोबत्याचा हात धरायचाच.

टीपटाप

मी मशीनवाली. फर मशीनवर शिवता येत नाही असा एक समज पसरलाय, तो खोडून काढायला आले. १००/१६ नंबरची सुई, टाका ३ ते ४ मिलिमीटर लांब, टाचण्यांऐवजी क्लिपा, आणि शिवण्याआधी दोन्ही तुकड्यांची कडेची लव बोटाने आत ढकलायची. साधी घरगुती मशीन शिवते. दर थोड्या वेळाने बॉबिनचं घर उघडून तूस झाडायचं, नाहीतर मशीन कुरकुरायला लागते.

सुईदोरा

टीपटापताई, शेपटी आणि धडाला मशीन, कबूल. पण तोंडाचे तुकडे तळहाताएवढे, त्यात वळणं. तिथे मला हातच लागतो. जाड पॉलिस्टर दोरा, दुहेरी, आणि कडांवरून जवळ जवळ काजाचा टाका. प्रत्येक चार टाक्यांनी गाठ. अंगुस्तान घाला, विणीतून सुई ढकलून बोट सोलवटतं. शेवटची फट बाहेरून बुजवताना दोन्ही काठांच्या आतून आलटून पालटून घेतलेला शिडीचा टाका, ओढला की दिसेनासा होतो.

आणि हाताने शिवा नाहीतर मशीनवर, सुलटं केल्यावर सुईचं बोथट टोक शिवणीवरून फिरवून अडकलेले केस एक एक करून उपसा. वेळखाऊ आहे. पण दोन इंच उपसून झाले की त्या दोन इंचांत शिवण नाहीशी झालेली असते, बोटाने चाचपूनच कळते. मग पुढचं उपसल्याशिवाय राहवत नाही.

टीपटाप

पटलं. मशीनच्या शिवणीलाही हे उपसणं लागतंच, मी लिहायला विसरले.

उनाड_मांजर

माझी एक चूक सांगतो, ट्रिमिंगची. माझं मांजराचं डोकं सगळं चिकटवून झालं होतं, फक्त तोंडावरची लव कमी करायची होती. उत्साहात ट्रिमरला सगळ्यात छोटी कंगवी लावली आणि नाकाच्या वर एक झटका मारला. रुपयाएवढी विणलेली जाळी उघडी. फर परत उगवत नाही. तो तुकडा उसवून नवा बसवण्यात दोन संध्याकाळी गेल्या.

तेव्हापासून सगळ्यात लांब कंगवीने, लवेच्या दिशेने सुरुवात करतो, मग हळूहळू एकेक पायरी खाली. दर दोन मिनिटांनी ब्रशने लव उलटी विंचरून बघतो. नाकाजवळ सगळ्यात आखूड, डोळ्यांकडे वाढत वाढत गालांवर पूर्ण लांबी, असा उतार आला पाहिजे, पायरी दिसता कामा नये. ट्रिमर माणसांचा घेऊ नका, दमतो. पाळीव प्राण्यांचा घ्या, पात्याला तेल द्या आणि पातं तापलं की थांबा. ही फर उष्णतेने वितळते, टोकं आखडून खरखरीत होतात.

म्हणूनच गरम ड्रायर नाही, इस्त्री नाही. धुवायचं ते गार पाण्यात, सौम्य साबणाने, आणि सावलीत वाऱ्यावर वाळवायचं. पूर्ण वाळल्याशिवाय पिशवीत घालायचं नाही, फोमला आतून बुरशी धरते. दर वेळी घातल्यावर आतून ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलचा फवारा, तो गोंद आणि जाळी सोडून. डोक्याआत पातळ कानटोपी घातली की निम्मा घाम तिथेच टिपला जातो.

काळा_बिबट्या

मी आधी अर्धवट ट्रिम करून मग चिकटवतो. सपाट तुकड्यावर हात स्थिर राहतो. शेवटची सफाई मात्र डोक्यावरच.

अबोली

मी वेगळं मत मांडते, रागावू नका. यादी आखडती घ्या हे बरोबर, पण पंखा नंतरसाठी ठेवू नका. ४० मिलिमीटरचा छोटा पंखा, पॉवर बँकेवर चालणारा. त्याची जागा मुस्कटात आधीच ठेवावी लागते. फर चढल्यावर बसवायला जागा उरत नाही. पंखा घ्या किंवा घेऊ नका, खोबण कोरून ठेवा. आणि तोंड थोडं उघडं ठेवा, आत काळी जाळी. हवेची मुख्य वाट तीच.

यंत्रवेडा

अबोली, अगदी बरोबर. आणि वायरीला झोळ ठेवा, मान वळवली की तुटते.

रानवाट

धागा वर काढतेय, सात आठवड्यांनी. उत्तर द्यायला उशीर झाला कारण हात रिकामे नव्हते.

चाळीसच्या यादीतून एवढंच घेतलं: फर, फोम, कटर आणि पात्यांचं पाकीट, छोटी कात्री, कमी तापमानाची ग्लू गन, जाड दोरा, सुया, अंगुस्तान, मास्किंग टेप, क्लिंग फिल्म, प्राण्यांचा ब्रश, मास्क. ट्रिमर मैत्रिणीच्या कुत्र्याचा मागून आणलाय. एअरब्रश, रेझिन, सिलिकॉन सगळं खोडलं.

शेपूट झाली. पहिली वितभर शिवण उसवली, कारण लव एका तुकड्याची खाली आणि दुसऱ्याची वर होती. बाण काढले होते, पण एक तुकडा उलटा ठेवला. दुसऱ्यांदा बरोबर आली. सुईदोरा, मी सुईने केस उपसत रात्री दोनपर्यंत बसले होते. थांबताच येईना. शेवटी आईने उठून दिवा बंद केला आणि जाता जाता शेपटीवरून हात फिरवून गेली.

मग पंजे. तरसाच्या पायाला खरोखर चारच बोटं असतात, म्हणून चार बोटांचा पंजा करताना माझ्या तरसाशी काही तडजोड करावी लागली नाही, याचा मला फार आनंद झाला. माझी करंगळी आणि अनामिका एकाच बोटात जातात.

फोमचं डोकं अर्ध्यावर आहे. उलट्या फोटोत डावा गाल चांगला बोटभर मोठा निघाला, आता खुडतेय. पंख्याची खोबण कोरली. काल संध्याकाळी भुवईचा तुकडा चिकटवला आणि तो बघायला लागला. बिबट्यादादा, माझाही हात थांबला.

आता एक अडचण. कान उभे राहत नाहीत. अर्धा इंची फोमचे केले, फर नुसती टाकून पाहिली तर वजनाने मागे पडतात. आत काय घालू?

काळा_बिबट्या

शाब्बास पोरी! फोटो टाक.

तार घालू नकोस, वाकून टोचते. कानाच्या मागच्या बाजूला प्लास्टिकच्या फाईलचं कव्हर कापून चिकटव, किंवा जाड ईव्हीए फोम (चपलांच्या तळव्याला असतो तसला). आणि कान डोक्यावर नुसता ठेवून चिकटवला असशील तर काढ. सांगाड्यात इंचभर खोल चीर दे, कानाचं बूड त्यात खुपस आणि दोन्ही बाजूंनी गोंद भर. कानाच्या आत फर नको, फ्लीस (आखूड लवेचं मऊ कापड) लाव, वजन निम्मं होतं.

सुईदोरा

आणि कानाच्या टोकाला माया कमी ठेव, तिथली जाडीच खाली ओढते. चिकटवायच्या आधी एकदा डोकं घालून, मान जोरात हलवून बघ.

रानवाट

चीर दिली. उभे राहिलेत. वाळतायत, हात लावत नाहीये.